पाहुणे खोळंबले होते

पालकहो, ११ एप्रिल १९९६ ची ही गोष्ट. अमेरिकेत शायेनहून ७ वर्षांची जेसिका डब्रॉफ वडील व प्रशिक्षकासोबत छोट्या सेस्ना विमानातून निघाली. एवढ्या लहान वयात देशभर विमान नेण्याचा विक्रम करायचा होता. विमानात वजन जास्त, सुमारे ६ हजार फुटांवरची विरळ हवा, त्यात वादळी पाऊस. उड्डाण होताच विमान कोसळले, तिघेही गेले. चौकशी अहवालात, पत्रकारांना दिलेल्या वेळा गाठण्याच्या घाईचाही उल्लेख आहे.

ते वाचताना मला आपले गेले स्नेहसंमेलन आठवले. पाहुणे खोळंबले म्हणून अंगात ताप असलेल्या मुलीला मीच रंगमंचावर पाठवले. तिची आई विंगेत उभी होती, काही बोलली नाही. मुख्याध्यापकांना कोण बोलणार?

यंदाच्या पत्रिकेत वेळा छापलेल्या नाहीत. विश्वस्तांनी सांभाळून घ्यावे.