सेल्फ टक करतो अन् ट्रॅक्टर उठत नाही

बरेच दिवस खोडवा आणि कांद्यावरच लिहितोय, आज जरा ट्रॅक्टरवर. नऊ हजार रुपये घालवून शिकलेली गोष्ट आहे. तुमचे तरी वाचावेत.

आमचा ट्रॅक्टर 1996 चा, 35 एचपी. दसऱ्याच्या आधी मी त्याला गोठ्यापुढं उभा करून स्वतः रंग दिला. बॅटरी काढली, बॅटरीखालचा गंजलेला ट्रे घासला, तांबडा प्राइमर, वर रंगाचे दोन हात. वाळल्यावर सगळं होतं तसं कसून टाकलं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

दिवाळीनंतर थंडी सुरू झाली आणि सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक'. दुसऱ्यांदा टक. पाचव्या-सहाव्या वेळी कण्हत कण्हत इंजिन फिरायचं. दुपारी ऊन्हात बरा चालायचा. मग काय, रात्री ट्रॅक्टर ओढ्याकडच्या उतारावर लावायचा आणि सकाळी ढकलगाडी. आबा म्हणाले, "तू रंग दिलास तवापासनं बिघडलंय बघ ते." मी हसलो. म्हणलं, आबा, रंगानं कुठं सेल्फ बिघडतो का?

आधी बॅटरी बदलली, साडेसहा हजार. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी टक. मग सेल्फ उतरवून मिस्त्रींकडं. कार्बन ब्रश, बुश, अडीच हजार. त्यांचीही चूक म्हणणार नाही, ब्रश झिजलेलेच होते. पण आजार दुसराच होता. सेल्फ परत बसवला, किल्ली फिरवली, टक.

त्या दिवशी डोकं शांत करून बसलो. मल्टिमीटर मोटरीच्या पेटीसाठी घेतलेला होताच. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. अर्थची वायर बीपवर तपासली, मीटर बीप वाजवतो. म्हणजे वायर चांगली? इथंच मी फसलो होतो आणि बहुतेक जण इथंच फसतात.

ड्रिपवाल्यांना हे लगेच कळेल. व्हॉल्व्ह बंद असला की गेज पूर्ण प्रेशर दाखवतो, मधला फिल्टर कितीही चोंदलेला असो. व्हॉल्व्ह उघडून पाणी वाहायला लागलं की मग फिल्टरच्या पुढं प्रेशर कोसळतं. मीटरच्या बीपला लागणारा करंट म्हणजे नुसतं ठिबकणं. सेल्फला दीडशे-दोनशे अँपिअर लागतात. जोडात 0.02 ओहमचा अडथळा असला तरी साधा मीटर तो दाखवणार नाही, पण 180 अँपिअर गेले की तिथंच 3.6 व्होल्ट खाऊन टाकतो. बारा व्होल्टातले साडेतीन गेल्यावर सेल्फ काय फिरवणार!

म्हणून तपासायचं ते वाहत्या करंटवर. गियर न्यूट्रल, हँडब्रेक, आणि स्टॉपची केबल ओढून धरायची म्हणजे इंजिन चालू होत नाही, नुसतं फिरतं. मीटर 20 व्होल्ट डीसीवर. एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच. दुसरी पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर. पोराला सेल्फ मारायला सांगितला. चांगला अर्थ असेल तर इथं अर्ध्या व्होल्टाच्या आतच दिसायला पाहिजे. आमचा मीटर 3.6 दाखवत होता.

मग एकेक पायरी. खुंटी ते क्लॅम्प, जवळपास काही नाही. क्लॅम्प ते वायरीचं पुढचं टोक, 0.1. त्या टोकाच्या लगपासून खालच्या लोखंडापर्यंत, म्हणजे बोटभर अंतर, 3.4. बोल्ट खोलला. लगखाली माझाच रंग. तांबडा प्राइमर आणि वर दोन हात, गुळगुळीत. करंट बिचारा फक्त बोल्टच्या आट्यांतून जात होता, आणि तिथंही गंज धरायला लागला होता. म्हणून महिनाभर हळूहळू वाढत गेलं. आबांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, नुसता चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

ज्यांच्याकडं मीटर नाही त्यांनी जंपर केबल घ्यावी. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. सेल्फ मारा. झटक्यात फिरला तर बॅटरी आणि सेल्फ दोघंही निर्दोष आहेत. हे मला आधी सुचलं असतं तर ते नऊ हजार खताला गेले असते.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. आधी मायनसचा क्लॅम्प काढायचा आणि जोडताना तो शेवटी लावायचा, नाहीतर पाना प्लसला आणि बॉडीला एकदम टेकला की ठिणगी, आणि बॅटरीजवळ गॅस असतो. लगखालची जागा पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासली. लगसुद्धा. स्टार वॉशर घालून कसलं आणि मग वरून व्हॅसलिन. आधी ग्रीस थापून मग कसू नका, उघडं लोखंड उघड्या तांब्याला भिडलं पाहिजे. आता मीटर 0.15 दाखवतो आणि सेल्फ पहिल्या झटक्याला घेतो.

एक गैरसमज आमच्याकडच्या बऱ्याच जणांचा आहे, म्हणून सांगतो. मोटरीच्या पेटीजवळ आपण खड्डा घेऊन मीठ-कोळसा घालतो, ती अर्थिंग वेगळी. ट्रॅक्टरच्या अर्थचा जमिनीशी काही संबंध नाही, खाली रबराचे टायर आहेत. इथं अर्थ म्हणजे करंटची परतीची वाट. जाताना वायरीतून जातो, येताना लोखंडातून येतो.

आणि ही वाट ट्रॉलीपर्यंत असते का? खरं तर हे लिहायला घेतलं ते ट्रॉलीमुळंच.

मागच्या आठवड्यात कारखान्यावर ऊस खाली करून रात्री अकराला रिकामी ट्रॉली घेऊन येत होतो. मागून मोटरसायकलवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि तो बाजूच्या चारीत गेला. पोरगा वीस-बावीसचा. लागलं नाही, पण हात थरथरत होते. म्हणाला, "काका, मागं एकबी दिवा नाही तुमच्या." मी उतरून बघितलं तर खरंच अंधार. जाताना दोन्ही दिवे मी स्वतः बघितलेले, चांगले लागत होते.

आमच्या ट्रॉलीला प्लसची वायर होती, अर्थची नव्हतीच. करंट परत येत होता हुकाच्या पिनेतून. ट्रॉली भरलेली असली की वजनानं पिन दाबून बसते, अर्थ मिळतो. रिकामी झाली की पिन खुळखुळते, त्यात ग्रीस आणि माती. दिवे गेले. म्हणजे निघताना तपासलं तरी कळत नाही. एक खूण मात्र महिनाभर दिसत होती. डावा इंडिकेटर लावला की मागचे दोन्ही दिवे त्याच्याबरोबर मिणमिणायचे. सरीत पुढं वाट मिळाली नाही की पाणी फोडून शेजारच्या सरीत शिरतं, तसा करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. मी बल्ब बदलत बसलो होतो.

आता अडीच स्क्वेअर एमएमची वेगळी अर्थ वायर सॉकेटपासून थेट प्रत्येक दिव्यापर्यंत नेली. सात पिनांच्या सॉकेटात अर्थला स्वतंत्र पिन असते, 31 नंबर लिहिलेली. वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका, आधीच्यानं काय जोडलंय सांगता येत नाही. सॉकेटातली पितळी पिन हिरवी पडली होती. आम्ही त्याच ट्रॉलीतून युरिया आणि अमोनियम सल्फेटची पोती आणतो, ती भुकटी ओल धरते आणि तांब्या-पितळेला खाते. खत वाहिल्यावर सॉकेट कोरड्या फडक्यानं पुसायची सवय लावतोय. मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टर पट्टीही मारली, तिला अर्थ लागत नाही.

तपासताना ट्रॉली रिकामी ठेवून, हुक हाताने हलवत हलवत, ब्रेक आणि इंडिकेटर एकदम लावून बघा.

अजून एक राहिलंय. हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा जागचा हलतो. इंजिन तेवढंच गरम असतं, काटाच सरकतो. डॅशबोर्डच्या पत्र्याचाही अर्थ गेला असणार, तोही मीच रंगवलाय. रविवारी पाण्याची पाळी नाही, तेव्हा खोलतो.