सेल्फ

मोटारीच्या इंजिनाला पहिला फेरा बाहेरून द्यावा लागतो, आणि तो देणाऱ्या विजेच्या मोटरीला गॅरेजात 'सेल्फ' म्हणतात. जी बॅटरीवाचून जागची हलत नाही तिला हे नाव मिळावे, यातली गंमत तिथे कुणाच्या लेखी नसते. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या आराखड्यावर बनलेल्या प्रीमियर पद्मिनीतील या यंत्राचे दुखणे प्रस्तुत लेखिकेला अलीकडे आठवले ते चार्जर जळाल्याच्या वासाने, कारण तापल्या प्लास्टिकचा तोच नाकात बसणारा वास माहेरच्या गाडीत चोकची मूठ ओढताना येई आणि मूठ बोटांना कोमट लागे. चोक म्हणजे कार्ब्युरेटरची हवा कोंडणारी झडप. ती ओढणाऱ्या तारेत वीज असण्याचे कारणच नसल्यामुळे त्या कोमटपणाची दखल कुणी घेतली नाही.

दखल घेतली गेली ती सेल्फची. तो मारला की कधी नुसता 'टक्' आवाज येई, कधी इंजिन कण्हत अर्धा फेरा घेऊन थांबे, आणि मिस्त्री आधी बॅटरी, मग कार्बन, म्हणजे फिरत्या आर्मेचरला टेकून वीज पोचवणारे झिजते तुकडे, आणि शेवटी अख्खा सेल्फच बदले. चार वर्षांत तीन सेल्फ झाले. मिस्त्रीला विजेचे ज्ञान नव्हते असे नाही, त्याला मीटर लावण्याचा आळस होता, हे लेखिकेचे मत आजही कायम असून ते सौम्य करण्याची तिची इच्छा नाही.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे सांगाड्यापासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असते, आणि सेल्फमधून गेलेला प्रवाह बॅटरीकडे परतावा म्हणून दोघांना तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडतात. तिला 'अर्थ' म्हणतात. ती हिरवी पडली होती. सेल्फ दीडशे अँपिअर ओढत असेल, तर वाटेतला ०.०२ ओहमचा अडथळाही बारापैकी ३ व्होल्ट गिळतो, आणि उरलेला प्रवाह मिळेल त्या वाटेने, येथे चोकच्या तारेतून, घरी परततो. सेल्फ मारत असताना मीटरची एक तार इंजिनाला व दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली असती, तर अर्ध्या व्होल्टाहून मोठा आकडा दिसून दोष दोन मिनिटांत सापडला असता.

हा सेल्फ शोधणाऱ्या चार्ल्स केटरिंगने त्यापूर्वी गल्लापेटीला मोटर बसवली होती आणि काही सेकंदांपुरती लहान मोटर झेपेल त्याहून अधिक राबवता येते हे त्याने तिथेच ओळखले होते. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा स्टार्टर आला, हँडल मारण्याचे बळ लागेनासे झाले आणि स्त्रियांना मोटार चालवणे सुकर झाले, असे इतिहास नोंदवतो. लेखिकेच्या आईच्या वाट्याला त्या शोधातून धक्का मारणे आले. वडील दुसरा गिअर टाकून क्लच दाबून बसत, आणि आई पदर खोचून, चपला फुटपाथवर काढून ठेवून मागून ढकले. गाडी फुरफुरून पुढे गेली की चपला उचलून धावत येऊन बसे, आणि धापा टाकत भाजीचा भाव सांगू लागे.

नवी पट्टी लागली त्या सकाळी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. आई तोवर सवयीने उतरून डिकीला हात लावून उभी होती, आणि गाडी पुढे सरकल्यावर तिचे दोन्ही हात क्षणभर तसेच पुढे राहिले.