बाकीचे ३०० वॅट

माझा लिनिअर अ‍ॅम्प्लिफायर ४०० वॅटचा आहे आणि एएमवर मी कॅरिअर ठेवतो १०० वॅट. बघणारा प्रत्येक हॅम विचारतो, बाकीचे ३०० कुठे गेले?

ते आवाजासाठी राखून ठेवलेत. एएममध्ये आपण गप्प असलो तरी कॅरिअर चालूच असतो. बोललं की आवाज त्यावर चढतो आणि पूर्ण मॉड्युलेशनला व्होल्टेज दुप्पट होतं. व्होल्टेज दुप्पट म्हणजे पॉवर चौपट. कॅरिअर २०० ठेवला तर शिखराला ८०० वॅट लागतील. ते आणणार कुठून? मग शिखरं छाटली जातात, शब्द फाटतात आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्यांनाही आपला कचरा ऐकावा लागतो.

म्हणून आधी डमी लोडवर, काही सेकंदच, पूर्ण ड्राइव्ह देऊन ४०० वॅटला ट्यूनिंग-लोडिंग करायचं. मग त्या नॉबना हात न लावता फक्त ड्राइव्ह उतरवत १०० वर यायचं. गेन दहापट असेल तर ट्रान्सीव्हरचे १० वॅट पुरतात. बोलताना सरासरी दाखवणाऱ्या मीटरचा काटा खाली झुकला, तर समजायचं कॅरिअर अजून जास्त आहे.

एवढा खटाटोप कशाला, एसएसबीवर बोल की, असं मित्र म्हणतात. पण बार्शीत आजोबांकडे जुना शॉर्टवेव्ह रेडिओ आहे. त्यावर एसएसबी म्हणजे बदकाची बडबड. ७.१ मेगाहर्ट्झवरचं एएम मात्र नीट लागतं. रविवारी मी सोलापुरातून पुण्याच्या मित्राशी गप्पा मारतो, ते ऐकत बसतात. साच्यांच्या खडखडाटात नोकरी गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. मोठा आवाज त्यांच्या कामाचा नाही, स्वच्छ हवा.

उन्हाळ्यात आणखी एक हिशेब असतो. कॅरिअरच्या पातळीला लिनिअरची कार्यक्षमता जेमतेम तिसरा हिस्सा. १०० वॅट अँटेनाला जातात तेव्हा २०० वॅटची उष्णता खोलीत राहते आणि मे महिन्यात खोली आधीच चाळिशीला असते. मग मी कॅरिअर ५० वर आणतो. पॉवर निम्मी, पण ऐकणाऱ्याला फरक फक्त ३ डेसिबल, एस-मीटरवर अर्धा घर. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "काय बदललंस?"