बोकडाला नाव नसतं

आमच्या घरी गजराच्या घड्याळाचं काही काम नाही. तांबडा कोंबडा आरवतो, शेळ्या बेंबाटायला लागतात आणि मग आजीची हाक येते, "उठा की रं, दिवस उगवला!"

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण शेळी मात्र अजून 'उस्मानाबादी'च! काळीभोर, लोंबत्या कानांची. एका वेताला दोन करडं हिला काही नवीन नाही. अशा सात शेळ्या आणि डझनभर गावरान कोंबड्या आमच्याकडे आहेत.

आधी खुराडं उघडायचं. कोंबड्या थेट उकिरड्यावर! किडे, वाळवी, सांडलेले दाणे, जे मिळेल ते उकरून खातात. संध्याकाळी आपण मूठभर ज्वारी टाकली की झालं. एखादी खुडूक बसली, की आजी पाटीत भुसा घालून तिच्याखाली अंडी ठेवते. प्रत्येक अंड्यावर कोळशाची खूण, म्हणजे नंतर घातलेलं अंडं लगेच ओळखू येतं. आठवड्याने अंधाऱ्या खोलीत दाराच्या फटीशी अंडं धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू होणार. नुसतं स्वच्छ दिसलं तर ते अंडं बाजूला. एकविसाव्या दिवशी टकटक सुरू! मला विचाराल तर टीव्हीपेक्षा हे बघण्यात जास्त मजा आहे.

शेळ्यांचं मात्र वेगळं. पावसाळ्यात दहिवर उडाल्याशिवाय त्यांना सोडायचं नाही. ओलं, कोवळं गवत भसाभसा खाल्लं की पोट फुगतं. आंत्रविषाराची लस पावसाआधीच टोचून घेतलेली बरी. शेळी गाईसारखी खाली मान घालून चरत बसत नाही. मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरीबाभळीचा पाला ओरबाडते. उंचावरच्या फांद्या मी आकडीने वाकवते.

आजीने सगळ्या शेळ्यांना नावं ठेवली आहेत. चंद्री, मोरी, काळी, झिपरी... बोकडांना मात्र एकही नाव नाही. कळपाला एक बोकड पुरतो. बाकीचे बाजारात जातात.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने मोरीच्या बोकडाचं नाव 'राजा' ठेवलं. शाळेतून आला की दप्तर फेकून आधी राजाकडे! दिवाळीच्या तोंडावर विहिरीची मोटर जळाली आणि ज्वारी पाण्याला आलेली. बाबा राजाला घेऊन बाजारात निघाले, तेव्हा हा दावं सोडायलाच तयार होईना.

"आज्जे, तुला काहीच वाटत नाही का गं?"

"वाटतं म्हणून तर नाव ठेवत नाही, बाबा," आजी म्हणाली आणि तिनेच हळूच त्याची बोटं सोडवली.

व्यापाऱ्याने रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवला, असं बाबांनी रात्री सांगितलं. भाऊ भाकरीला शिवला नाही. चौथ्या दिवशी ज्वारीला पाणी मिळालं.

यंदा मोरीला दोन्ही बोकडच झाले. भावाने नाव काही ठेवलेलं नाही. पण एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, त्याला तो "ए ठिपक्या" अशी हाक मारतो. आजी ऐकते, पण काही बोलत नाही.