मेअर, मरीना आणि मी

परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटने ‘रेड क्वीन’ हातात दिलं आणि अभ्यासाचे बारा वाजले! व्हिक्टोरिया ॲव्हयार्डची ही २०१५ सालची कादंबरी. त्या राज्यात लाल रक्ताचे लोक राबतात आणि चंदेरी रक्ताचे जादूच्या जोरावर राज्य करतात. मेअर ही लाल रक्ताची, राजाकडची मोलकरीण. एक दिवस सगळ्या उमरावांसमोर तिच्या अंगातून वीज निघते. (इलेक्ट्रिकलवाल्यांनो, व्होल्टेज विचारू नका!) राजा-राणी हादरतात. तिला मेलेल्या सरदाराची हरवलेली मुलगी ठरवून ‘मरीना’ नाव देतात, धाकट्या राजपुत्राशी लग्नही ठरवतात. जीव वाचवायचा तर नाटक करायचं!

इथे मी पुस्तक मिटलं. कॉन्व्हेंटमध्ये मी दुसरं काय करत होते? बाबा रिक्षा चालवतात, मी सांगायचे, “डॅडी ट्रान्सपोर्टमध्ये आहेत.” पालकसभेला खाकी शर्ट घालून येऊ नका म्हटलं, तर ते आलेच नाहीत. मला चक्क हायसं वाटलं होतं.

मेअरवर निदान राणीची जबरदस्ती होती. माझ्यावर कुणाची होती?

यंदा गॅदरिंगला बाबांना बोलावलंय. म्हटलं, रिक्षा घेऊनच या, थेट गेटच्या आत.