पिवळ्या भिंतींवरची बोगनवेल

पुदुच्चेरीला जायचं ठरवलंत, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. समुद्र बाराही महिने आहेच, पण व्हाइट टाउनमधली बोगनवेल पाहावी ती याच दिवसांत. इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. तो सरला, माती कोरडी पडू लागली, की रू द्युमा, रू सुफ्रां अशा सरळसोट गल्ल्यांमधल्या वेलींना रंग चढतो. पिवळ्या भिंती, पांढऱ्या कडा आणि कुंपणावरून ओसंडणारा राणी रंग! सकाळी आठच्या आत चालत निघा. नंतर प्रत्येक वेलीखाली फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते.

या फ्रेंच वस्तीत ही वेल शोभते, कारण तिचं नावही फ्रेंच आहे. वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. लुई आंत्वान द बूगेनव्हिल हा दर्यावर्दी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला असताना, १७६७ साली, त्याच्या मोहिमेतल्या फिलिबेर कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती रिओ दि जानेरोजवळ मिळाली. कॉमर्सनची मदतनीस होती जान बारे. जहाजावर बायकांना बंदी होती, म्हणून ती पुरुषाच्या वेशात आलेली. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली ती पहिली ज्ञात स्त्री. आजारी कॉमर्सनऐवजी ही वेल तिनेच गोळा केली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. नाव मात्र कप्तानाचं लागलं! मराठीने त्याची 'बोगनवेल' केली आणि शेवटी 'वेल' आल्यामुळे ती आपल्याला कधी परकी वाटलीच नाही.

जुन्या भिंतींशीही तिचं जमतं. तिला भिंतीला चिकटणारी मुळं नसतात. वाकड्या काट्यांच्या आधाराने ती रेलत चढते. त्यामुळे चुन्याचा गिलावा ती पोखरत नाही. फक्त तिला तारेचा किंवा मांडवाचा आधार द्यावा लागतो. या घरांचे खरे शत्रू म्हणजे मुरणारं पाणी आणि भेगेत रुजलेला पिंपळ. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये पावसात इथली जुनी 'मेरी', म्हणजे नगरपालिकेची इमारत, कोसळली. समुद्रासमोर आज दिसते ती तिची नव्याने बांधलेली प्रतिकृती. जवळच अरविंद आश्रम आहे. तिथल्या श्रीमाताजींनी शेकडो फुलांना अर्थ दिले, त्यात बोगनवेलीचा अर्थ आहे 'संरक्षण'. तिचे काटे पाहिले की ते पटतंच.

आता तुमच्या गॅलरीतल्या कुंडीकडे वळू. वेल हिरवीगार वाढते, पण फुलत नाही, ही नेहमीची तक्रार. बहुतेकदा कारण एकच, जास्तीचे लाड. रोज पाणी, वर भरपूर शेणखत, म्हणजे नुसती पानंच पानं. पुदुच्चेरीच्या पावसानंतर जे आपोआप होतं, तेच तुम्हाला कुंडीत करायचं आहे. वरची दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका आणि घालाल तेव्हा खालून निघेपर्यंत घाला. पाच-सहा तास थेट ऊन हवंच, त्याला पर्याय नाही. कुंडी फार मोठी नको, मुळं थोडी आवळलेली बरी. तिची मुळं नाजूक असतात, म्हणून कुंडी बदलताना मातीचा गोळा फोडू नका.

बहर ओसरला की लांबलेल्या फांद्या निर्धास्त छाटा. नव्या फुटव्यांवरच रंग येतो. जाड हातमोजे मात्र घाला. आणि ज्याला आपण फूल म्हणतो, ती खरं तर रंगीत पानं बरं का! खरं फूल म्हणजे मधली इवलीशी पांढरट नळी. म्हणून तर हा रंग आठवडेच्या आठवडे टिकतो.

फांदी लावायची असेल, तर पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब आणि पावसाळ्याच्या तोंडावर लावा. पण आठवण म्हणून व्हाइट टाउनमधली तोडून आणू नका. तोच राणी रंग तुमच्या गावच्या रोपवाटिकेतही मिळतो.