आधी बघ, मग हात लाव

लिनक्सवरच्या रेडचं मला जे कळतं, ते बरंचसं एका काकांमुळे. ते आईच्या माहेरच्या ओळखीचे, रायपूरच्या मराठी घरात वाढलेले. निवृत्तीनंतर नवा रायपूरला सेक्टर 27 मध्ये राहायला आले. तिथेच एका छोट्या संस्थेचा सर्व्हर मी सांभाळत होते. त्यात एकाच दिवशी घेतलेल्या दोन एसएसडी होत्या आणि त्यांच्यावर रेड-1, म्हणजे सगळ्या डेटाच्या दोन प्रती.

भर उन्हाळ्यात एका सकाळी रेडची स्थिती दाखवणाऱ्या 'एमडीस्टॅट'मध्ये दोन 'यू'ऐवजी एक 'यू' आणि एक अधोरेषा दिसली. एक डिस्क अ‍ॅरेतून, म्हणजे रेडच्या जोडीतून, बाहेर पडली होती. ती काढा, नवी लावा, काम सुरू करा, असं ऑफिसात सगळ्यांचं म्हणणं. मी काकांना फोन केला. "अगं, आधी बघ, मग हात लाव," म्हणाले, आणि उन्हातान्हात स्वतःच आले.

दोन्ही डिस्कवरचा इव्हेंटचा आकडा त्यांनी 'एमडीएडीएम'ने पाहिला. बाहेर पडलेली डिस्क किती मागे राहिली, ते त्यावरून कळतं. मग डिस्कची तब्येत सांगणारं 'स्मार्टसीटीएल' चालवलं. त्या डिस्कचे सेक्टर धड होते. वाढला होता तो 199 क्रमांकाचा, सीआरसी चुकांचा आकडा. ही चूक डिस्कच्या पोटातली नसते, डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवरची असते. म्हणजे संशय सॅटा केबलवर. उलट जी डिस्क निमूट चालत होती, तिच्यावरचे काही सेक्टर वाचताच येत नव्हते. धड डिस्क काढून नवी लावली असती, तर पुनर्बांधणीसाठी याच आजारी डिस्कचा ब्लॉक न् ब्लॉक वाचावा लागला असता.

काकांनी आधी 'डीडीरेस्क्यू'ने तिची प्रत घ्यायला लावली. मग केबल बदलली. अ‍ॅरेवर राइट-इंटेंट बिटमॅप होता, त्यामुळे डिस्क परत जोडल्यावर मधल्या काळात बदललेले भागच जुळवावे लागले. आजारी डिस्क त्यानंतर बदलली आणि नवी मुद्दाम वेगळ्या कंपनीची घेतली. रेड-1 मध्ये प्रत्येक लेखन दोन्ही डिस्कवर होतं, म्हणून जुळ्या डिस्क झिजतातही बरोबरीने. एचपीईने नोव्हेंबर 2019 मध्ये जाहीर केलं होतं, की फर्मवेअरमधल्या दोषामुळे त्यांच्या काही एसएसडी 32,768 तास चालल्यावर बंद पडतील. एकाच दिवशी सुरू केलेल्या डिस्कचं अशा वेळी काय होईल, हे काकांनी मला कागदावर मांडून दाखवलं.

पुढे एकदा महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन प्रती जुळतात का हे बघणारी डेबियनची ठरलेली तपासणी झाली आणि 'मिसमॅच'चा आकडा शून्य नव्हता. मी घाबरले. काकांनी समजावलं : ट्रिम केलेल्या, म्हणजे आता वापरात नाही असं एसएसडीला कळवलेल्या, मोकळ्या जागेबद्दल दोन डिस्क वेगवेगळी उत्तरं देऊ शकतात, त्यामुळे फाइल बिघडलीच असेल असं नाही. पण रेड-1 ला दोन साक्षीदार वेगळं बोलतात एवढंच कळतं, खरं कोण ते कळत नाही. म्हणून फाइलींचे चेकसम वेगळे ठेवायचे, ही सवय तेव्हा लागली.

त्याच दिवशी त्यांनी मला शाओहुआ ली यांचं नाव सांगितलं. एमडी म्हणजे लिनक्समधला रेड चालवणारा भाग; त्यावर ट्रिम चालू लागलं ते 2012 मध्ये, त्यांच्या कामामुळे. नील ब्राउन यांनी अनेक वर्षं सांभाळलेली एमडीची जबाबदारी 2016 मध्ये ली यांच्याकडे आली. 2018 च्या अखेरीस ते वारले. कर्नलच्या श्रेयनामावलीत त्यांची नोंद आहे, ती काकांनी मला उघडून वाचायला लावली. ज्यांचं काम आपण रोज वापरतो, त्यांची नावं तरी ठाऊक हवीत, असा काकांचा आग्रह असे. मला तो पूर्ण पटतो.

मोबदल्याचा विषय त्यांनी काढू दिला नाही. घडलेलं सगळं कमांडसकट वहीत लिहून काढ, एवढंच मागितलं. ती वही आता संस्थेतल्या नव्या मुलाकडे आहे. त्याने तिच्यात एनव्हीएमईची पानं जोडली आहेत, आणि अडलं की तोही काकांनाच फोन करतो.